कोशाचा पहिला खंड आणि सुमनचा डावा गुडघा

१७ जानेवारी १९५४, रविवार
सुमनला दुपारी चौघींनी उचलून घरी आणलं. खो-खोचा सामना होता, पार्ल्याच्या मैदानावर. मी गेलो नव्हतो, कधीच जात नाही. खांबाशी वळताना डावा पाय जमिनीत रुतून राहिला आणि बाकीची सुमन वळली. "बाबा, आत काहीतरी कट्‌कन वाजलं," असं म्हणाली, जणू शेजारच्या घरात वाजलं. गुडघा कोहळ्याएवढा झालाय. सौ.ने लेप घातला आहे. सु. पुन्हापुन्हा विचारते, सामना कोणी जिंकला. आपल्याच संघाने. ते ऐकून मग रडली.

१९ जाने., मंगळ.
मोठ्या इस्पितळात, हाडांच्या डॉक्टरांकडे. शाळेतून रजा. त्यांनी गुडघा आत-बाहेर हलवून पाहिला. सु.ने माझं मनगट असं धरलं की मलाही तपासून घ्यावंसं वाटलं. "आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलंय. मधल्यालाही धक्का आहे." आमच्या जुन्या वैद्यकात या बंधांनाच स्नायू म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.
मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. शेवटी भाकीत: "चालेल. जिने चढेल. संसार करेल. खो-खो विसरा."
टॅक्सीत अंधेरी आल्यावर सौ. म्हणाली, "संसार काय बसल्या जागी होतो वाटतं."

२४ जाने., रवि.
मागच्या गावठाणातल्या फिलोमिनाबाई भेटायला आल्या. युद्धात लष्करी इस्पितळात नर्स होत्या. आता घरी कोंबड्या, आणि गावातल्या सगळ्यांची दुखणी. प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाल्या, "आत मांडी झोपली की वाट लागली, मास्तर. गुडघ्याच्या दोऱ्या सैल झाल्या ना, तर मांडीनेच धरायचा असतो त्याला. सोल्जर लोक असेच उठवले आम्ही."
"खेळेल का?" सौ.ने विचारलं.
"ते मी नाय सांगत. मी फक्त काम सांगते."
काम असं: प्लास्टरच्या आत मांडी आवळायची, दहा मोजायचे, सोडायची. दर तासाला. दहाऐवजी एक अनुष्टुभ श्लोक म्हणावा, अशी मी सुधारणा सुचवली. मंजूर.

३१ जाने.
सु. अनुष्टुभ ज्या वेगाने म्हणते त्यात बत्तीस अक्षरांपैकी अठरा ऐकू येतात. तिला म्हटलं, छंदही पळवत नेतेस. "मग बाबा, मोठं वृत्त द्या." शार्दूलविक्रीडित दिलं. दोन दिवस तोंड फुगवून होती, पण मांडी आवळते आहे.

२ मार्च, मंगळ.
प्लास्टर निघालं. आतून निघालेला पाय दुसऱ्या कुणाचा वाटला, पडवळासारखा. सु. त्याच्याकडे पाहत राहिली, मग पातळ ओढून घेतलं. एकोणीस वर्षांची पोर.
डॉक्टर घाईत होते, तरी सु.ने त्यांना अडवलं. पळता कधी येईल? त्यांनी जरा विचार केला, हे मान्य केलं पाहिजे. "दिवाळीनंतर या. दोन्ही मांड्या मापात सारख्या भरल्या तर पळण्याचं बोलू. नाही भरल्या तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."
"बाबा, लिहून ठेवा."
लिहून ठेवलं.

७ मार्च, रवि.
माप कसं घ्यायचं यावर घरात चर्चा. मी म्हटलं, शिंप्याची टेप आणावी आणि दर रविवारी या वहीत दोन आकडे लिहावेत. सौ. म्हणाली, "पोरीच्या मांडीचं माप तुमच्या वहीत नको. उद्या कोण वाचेल." तिचंही खरं.
तोडगा: जानव्याचं सूत. दार लावून सौ. माप घेणार. एकाच सुतावर डाव्या मांडीची एक गाठ, उजव्याची एक. दोऱ्याचा आधीचा भाग ती मुठीत धरणार, मला फक्त दोन गाठींमधलं अंतर दाखवणार. तेवढंच मी फूटपट्टीवर मोजायचं. डॉक्टरांनाही तेवढंच हवं आहे, तेव्हा अडचण नाही.
अंतर: दीड इंच.

२१ मार्च
आता घोट्याला वजन बांधून, खुर्चीत बसून, पाय सरळ करायचा. फि.बाईंनी वर्सोव्याहून वाळू आणून पिशवी शिवून दिली. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली. वाळू अंथरुणात, वाळू देवघरात, वाळू आमटीत. सौ. म्हणाली, समुद्र जिथे आहे तिथेच बरा.
अंतर: सव्वा इंच.

२३ मार्च
फि.बाई माझ्या कपाटापुढे उभ्या राहिल्या आणि थोरल्या कोशाचा पहिला खंड हातात घेऊन तोलला. "मास्तर, हे काय हाय?"
म्हटलं, संस्कृत कोश आहे. तीन खंडांचा.
"झकास. सांडत नाय, गळत नाय. एकावर एक चढवत जायचं."
पाठशाळा सोडताना गुरुजींनी स्वतःच्या हाताने दिलेला कोश. याच गुरुजींनी पोथीला पाय लागला म्हणून मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. आणि हा कोश मुलीच्या पायाला लटकवायचा.

२५ मार्च
दोन दिवस कपाटाकडे पाठ करून बसलो. सु.ने एकदाही विषय काढला नाही. ती पाट्याचा वरवंटा बांधून बघत होती. घसरला, पायाच्या अंगठ्यावर आला. मी उठून पहिला खंड काढून दिला.
अटी: धुतलेल्या खादीच्या पिशवीत, आणि आधी नमस्कार, नंतर नमस्कार. सु. म्हणाली, "प्रत्येक वेळी पाय उचलताना करते ना." म्हटलं, तेवढं नको, मग व्यायाम हातांचा होईल.
वजन कळावं म्हणून खंड वाण्याकडे नेला. साडेचार रत्तल. वाणी म्हणाला, "मास्तर, रद्दी का?" त्याच्याकडून यापुढे गूळ घेणार नाही.

१८ एप्रिल
अंतर एक इंच. सु. पहिला खंड तीस वेळा उचलते. संघाच्या मुली भेटायला येतात, रांगेत बसून बघतात. कॅप्टन कुसुम म्हणाली, "काका, तुमचं संस्कृत पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं." मुलगी हुशार आहे, संस्कृतात नापास झाली होती.

३० मे
अंतर एक इंच. दुसरा खंड चढला. दुसरा जाड आहे, पाच रत्तलांच्या वर. सु. जिना न धरता उतरते.

२७ जून
अंतर एक इंच.

२५ जुलै
एक इंच. सौ. दोरा माझ्यापुढे धरते, मी पट्टी जागी लावतो, दोघंही एकमेकांकडे बघत नाही. फूटपट्टी बदलून पाहिली. पट्टी बरोबर आहे.

८ ऑगस्ट
एक इंच. आज सु.ने पिशवी सोडवून दोन्ही खंड कपाटात जागेवर ठेवले, नमस्कार केला. "बाबा, तुम्हाला लागत असतील." मी म्हटलं, अर्थ सगळे पाठ आहेत. खोटं होतं, पण चांगल्या हेतूचं. तिने पुन्हा काढले नाहीत.
डॉक्टर बरोबर होते असं दिसतंय. वर्गात पोरांना लुट्‌लकार शिकवला, दूरच्या भविष्याचा. तीनदा चुकलो. पोरं खूश.

२९ ऑगस्ट, रवि.
हे नीट लिहिलं पाहिजे.
फि.बाई सकाळी ताजी अंडी घेऊन आल्या. आम्ही खात नाही हे त्यांना बारा वर्षं ठाऊक आहे, तरी आणतात. सु. वर्तमानपत्र वाचत बसली होती. पिशवी खुंटीवर.
"काय गं, सोडलंस?"
सौ.ने सांगितलं, चार महिने मांडी जागची हलत नाही.
"दाखव पोरी." दार लागलं. मिनिटभराने आतून फि.बाईंचा आवाज: "कोण म्हणतो हलत नाय? ही मांडी हाय की केळीचा खांब? माप कुठंय?"
सौ.ने आजचा दोरा दाखवला, सवयीने मुठीत धरून.
"मूठ सोड."
"सगळं कशाला, अंतर तेवढं..."
"बाई, मूठ सोड."
जानव्याचं सूत केरात टाकायचं नाही म्हणून सौ.ने एकेका रविवारचा दोरा पत्र्याच्या डबीत जपून ठेवला होता. सगळे काढले. जमिनीवर एकाखाली एक, सुरुवातीची टोकं जुळवून, मार्चपासून आजपर्यंत. मला आत बोलावलं. बोलावलं नसतं तरी गेलो असतो.
प्रत्येक दोरा वरच्यापेक्षा लांब. डाव्याची गाठ पुढे सरकत गेली होती, रविवारमागून रविवार. उजव्याचीही. दोघी हातात हात घालून निघाल्यासारख्या. एप्रिलपासून मधलं अंतर तेवढंच.
सगळे सु.कडे बघायला लागले.
"मी उजव्यालाही बांधत होते," ती म्हणाली. "तुम्ही शाळेत गेल्यावर. एकट्या डाव्यालाच दिलं तर उजवा मागे पडेल ना."
फि.बाई खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि मास्तर, तुम्ही शिकलेले."
सहा महिने फरक लिहिला, ज्यांच्यातला फरक ते दोन आकडे कोणते हे विचारलं नाही. मुलं उदाहरणात असं करतात तेव्हा मी अर्धे गुण कापतो.
आजपासून उजव्याला सुट्टी. पिशवी खुंटीवरून खाली.

२६ सप्टेंबर
पाऊण इंच. तिसरा खंड चढला. आता कपाटात कोशाची जागा रिकामी, तिथे सौ.ने लोणच्याची बरणी ठेवली आहे.

दसरा
पाटीवर सरस्वती काढली. पूजेला पुस्तकं मांडताना प्रश्न आला की कोश पिशवीतून काढायचा का. सौ.ने पिशवीसकट पाटावर ठेवला, पिशवीच्या बंदांनाही कुंकू लावलं. आज पुस्तक हलवायचं नाही, म्हणून पायालाही विश्रांती. सु. दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी सोनं द्यायला गल्लीभर फिरली, परत येताना शेवटची वीस पावलं पळत आली. मी खिडकीत होतो. दोघांनीही काही पाहिलं नाही असं ठरवलं.

९ नोव्हेंबर, मंगळ.
डॉक्टरांकडे. फि.बाईही आल्या. डॉक्टरांनी टेप लावली, उजवी, डावी, पुन्हा डावी. "पाव इंच कमी आहे."
पैज त्यांची, अट त्यांची, आणि आम्ही पाव इंचाने हरलो होतो.
तेवढ्यात सौ.ने पिशवीतून पत्र्याची डबी काढली. जिने मला सहा महिने मूठ उघडून दाखवली नाही, तिने परक्या पुरुषाच्या टेबलावर दोरे पसरले. "हा मार्चमधला उजवा, चांगला पाय. हा आजचा डावा. बघा."
आजचा डावा मार्चमधल्या उजव्यापेक्षा बोटभर लांब.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा दोरे पाहिले. मग सु.ला एकट्या डाव्या पायावर लंगडी घालत वॉर्डाच्या टोकापर्यंत जायला सांगितलं. गेली. परत यायला सांगितलं नव्हतं, तरी लंगडीतच परत आली. खाटांवरचे रोगी उठून बसले होते.
गुडघा पुन्हा हलवून पाहिला. "आतला बंध छान जुळलाय. मधला सैल आहे, तो तसाच राहील. पण मांडीने धरलाय. पळू दे."
"खांबाशी वळणं?" सु.ने विचारलं.
"ते मी सांगू शकत नाही. एकदा चुकलोय."
व्यायाम कोणी दिला, विचारलं. सौ. म्हणाली, "ह्या फिलोमिनाबाईंनी. आणि ह्यांच्या कोशाने." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी बाहेर बसायला सांगितलं नाही. पिशवी कशी बांधतात ते कागदावर काढून घेतलं.
येताना पेढे. फि.बाईंनी गावठाणात वाटले, वाण्यालाही एक दिला.

२८ नोव्हें., रवि.
घाटकोपरला सराव सामना. मी गेलो नाही, पेपर तपासायचे होते. सौ. म्हणाली, पेपर परवाच तपासून झालेत. फि.बाई गेल्या आणि वृत्तांत घेऊन आल्या. सु.ने चार गडी बाद केले. खोसाठी बसलेली उठते तेव्हा डोळ्याला दिसत नाही म्हणे.
"पण मास्तर, खांबाशी आली की डाव्या पायावर वळत नाय. शेजारच्या पोरीला खो देऊन मोकळी."
सु.ला विचारलं नाही.

१९ डिसेंबर, रवि.
मुलुंडला अंतिम सामना. मुली सकाळीच गेल्या. निघताना सु.ने नमस्कार केला आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "आज वळेन म्हणते." म्हटलं, मला नको सांगूस, गुडघ्याला सांग. "त्याला रात्रीच सांगितलंय."
दुपारी बारा. हातातल्या भाषांतरात एक शब्द अडला आहे, पहिल्या खंडातला. खुंटीवर खंडही नाही, पिशवीही नाही. सौ. म्हणते, सु. पिशवीसकट घेऊन गेली, सामन्याआधी पाय तापवायला. लहान कोशात शब्द आहे, पण हवा तो अर्थ थोरल्यातच मिळेल. तेव्हा मुलुंडला जाणं भाग आहे. सौ.ला तसं सांगितलं. तिने मान हलवली. पाहिलं तर ती नवं पातळ नेसून, दोऱ्यांची डबी हातात घेऊन, दाराशी बसलेली. बाहेर फि.बाई छत्री आपटत उभ्या.
सामना चारचा आहे.