साहेबापुढं नवऱ्याचं नाव

माय, ती गेली. तुझ्यापाशी 'ती' एवढं म्हटलं की भागतं. दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर विचारतील, कोण ती, आणि मग मला तिचं नाव घ्यावं लागेल, तेही कोणतं घ्यावं हा प्रश्न. तुला एकच ठाऊक. भिंतीपलीकडच्या काकांची लेक, जी सकाळी उठून तोंड न धुता आपल्या चुलीपुढं येऊन बसायची आणि तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा मागायची. एकदा तू तो पापुद्रा मला न देता तिला दिलास म्हणून मी ताट भिरकावलं होतं. सगळं वरण भिंतीवर. तू मारलं नाहीस. "आज ताट फेकायलास, उद्या माणूस फेकशील," एवढंच म्हणालीस आणि भिंत मला पुसायला लावलीस. मी फडकं घेऊन भिंत पुसतोय आणि ती पापुद्र्याचा तुकडा दातात धरून माझ्याकडं बघून हसतेय, हे मला आत्ता, या घटकेला दिसतंय. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू गेलीस. पुढचं काही तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहितोय.

तिचं लग्न झालं तेव्हा मी पंगतीत वाढायला होतो. नवरा जिनिंगमधला फिटर, मूळचा झरीचा. हात काळे, पण माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याचाच राग येत होता. मठातल्या स्वामींनी अक्षता टाकल्या, मग तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं आणि बाया ते मोठ्यानं वाचायला लागल्या. मी बुंदीचं भांडं खाली ठेवलं आणि मागच्या दारानं निघून गेलो. माझं मन मलाच तोवर ठाऊक नव्हतं. काही महिन्यांनी जिनाच्या मालकानं त्या फिटरला आफ्रिकेत युगांड्याला नेलं, तिकडंही त्याचे कापसाचे जिन आहेत म्हणे. आणि लगेच लढाई लागली. बोटी बंद. ती थोडे दिवस झरीला सासूपाशी, बाकी सगळी वर्षं माहेरी, आपल्या भिंतीपलीकडं. माय, तुझा विश्वास बसणार नाही, पण त्या लढाईनं सगळं जग रडत असताना मी मनातून त्या लढाईलाच दुवा देत होतो.

मग मी हैदराबादला कॉलेजात गेलो. अण्णांना वाटलं आपलं पोरगं वकील होणार. तिसऱ्या वर्षी अण्णांचं पत्र आलं, त्यात दुकानाचं, बाजारभावाचं, पावसाचं लिहून शेवटी एक ओळ होती, की लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, शेजारच्या पोरीला तिकडून बोलावणं येणार. त्याच आठवड्यात वर्गात प्राध्यापक मला काहीतरी बोलले आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. काय बोलले ते आज आठवतसुद्धा नाही. पेटी बांधली आणि जिंतूरला आलो. अण्णांनी तिसऱ्या दिवशी तराजू माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "जोख आता गूळ."

एका दुपारी काका दुकानात आले. हातात कापडात बांधलेली कागदं. "तुला उर्दू येती, इंग्रजी येती. आमच्या पोरीचं एवढं बघ की रं. तिकडून परवाना आलाय, पण बोटीत बसायच्या आधी हैदराबादला साहेबापुढं उभं ऱ्हावं लागतंय म्हणं. जबानी घेतेत. कागद एक जरी कमी पडला तर वापस." मी गूळ तोडत होतो. म्हटलं, बघतो. माय, मी नाही म्हणू शकलो असतो. या जिंतुरात तेव्हा हे काम दुसरं कुणी नीट केलं नसतं, वकिलाचा कारकून करायचा पण चुका करून ठेवायचा. मी नाही म्हटलं असतं तर कदाचित ते दोन वर्षं लांबलं असतं. पण कागद माझ्याच हातात आहेत म्हणजे तीही अजून माझ्याच हातात आहे, असलं काहीतरी वेड्यासारखं वाटलं आणि मी ती कागदं घेतली.

आणि मग धावाधाव. मठात जाऊन स्वामींकडून लग्न लागल्याचा दाखला शिक्क्यासकट आणला. शाळेतून तिच्या जन्माचा दाखला काढला. दवाखान्यात देवीची लस टोचल्याचं लिहून घेतलं. चालचलनीचा दाखला अमीनसाहेबांच्या ठाण्यातून, तर तिथं बाकावर बसल्याबसल्या काका म्हणायले, "माझ्या पोरीनं आजवर मांजर हाकललं न्हाई, आन तिचा दाखला पोलीस देणार." फोटोसाठी परभणीला नेलं. फोटोवाला म्हणाला, पदर मागं घ्या, कपाळ दिसायला पाहिजे. तिनं काकांकडं बघितलं, काका भिंतीकडं बघायला लागले, तेव्हा तिनं स्वतःच पदर मागं सारला. मी छत्री धरून दारात उभा. असं वाटत होतं की तिच्या लग्नाची तयारी आता कुठं चाललीय आणि ती मी करतोय.

सगळे कागद घेऊन तहसिलीत गेलो, तर पेशकारानं चष्मा वर केला आणि विचारलं, "ये दो औरतां हैं क्या एक?" शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, स्वामींच्या आणि नवऱ्याच्या कागदावर सासरचं. मला हे दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, पण आपल्यात हे इतकं ठरलेलं, की त्याचाही पुरावा लागत असेल हे डोक्यात येत नाही. जिंतुरात तिला कुणी नव्या नावानं ओळखत नाही आणि झरीत कुणी जुन्या नावानं. काका पुढं होऊन सांगायला लागले, माझीच लेक आहे, एकच आहे. पेशकार म्हणाला, "बाप तो बोलेगाच. दूसरा गवाह लाओ. पढ़ा-लिखा, बचपन से जाननेवाला." आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. मी लिहून दिलं, की अमुक नावाची मुलगी आणि अमुक नावाची बायको या एकच, मी तिला लहानपणापासून ओळखतो. दोन्ही नावं माझ्या हातानं एका ओळीत लिहिली. पेशकारानं वाचलं, पुन्हा विचारलं, "रिश्ता?"

मी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. काकांना प्रश्न कळला नव्हता. मागं खांबापाशी ती उभी होती, पदरात तोंड धरून, तिथून म्हणाली, "भाऊ हाय माझा. लिवा."

परत येताना काका पाणी प्यायला थांबले तेव्हा मी तिला गाठलं. म्हटलं, भाऊ कशाला म्हणालीस? शेजारी म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मंग काय सांगू? तूच सांग की, काय लिवायला पायजे व्हतं?" माय, मी एवढा शिकलेला, तीन भाषा येणारा. मी काकांमागं पाण्याला निघून गेलो.

राहिली जबानी. साहेब काय काय विचारतो ते मी हैदराबादच्या एका ओळखीच्याकडून लिहून आणवलं होतं. नवरा काय काम करतो, घरी कोण कोण, लग्नाला किती वर्षं झाली. संध्याकाळी काकांच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसायचो, ती भाकरी थापत उत्तरं द्यायची. "मी साहेब आहे," म्हटलं. "साहेब पाटावर बसतोय व्हय?" ती हसली. काकाही ओसरीवरून हसले. सगळं तिला पाठ झालं, झरीच्या घराचं दार कुठल्या तोंडाचं आहे ते सुद्धा. पण पहिलाच प्रश्न अडला. नवऱ्याचं नाव काय?

ती भाकरी थापत राहिली. पुन्हा विचारलं. ती म्हणते, "कागदावर लिवलंय की." म्हटलं, साहेब तोंडानं विचारणार. मान खाली घालून गप्प बसलीस तर तो म्हणेल ही बायकोच नाही, कुणीतरी भलतीच उभी केलीय. असं झालेलं आहे, बाया परत आल्यात. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि उखाण्यात घालून नाव घेतलं, लग्नात घेतलं होतं तेच. मी चिडलो. "साहेब काय तुझ्या हळदीला आलाय? नुसतं नाव सांग." तिला येईना. खरंच येईना, माय. जीभ टाळ्याला लागायची आणि तिथंच राहायची. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि ते बघून माझ्या आतलं काहीतरी सुटलं. मी हळू आवाजात म्हणालो, "नको घेऊस. नको जाऊस. येत नाही तर नाही म्हण. मी बघतो पुढचं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिनं ती आधी उतरवली. मग म्हणाली, आवाज न चढवता, काकांना ऐकू जाणार नाही असा, "तू काय बघणार? झरीला गेले की सासू म्हणती, माहेरी का न्हाई ऱ्हात. हितं आले की नळावर बाया विचारत्यात, कवा जायलीस. इतकी वर्सं झाली, माझी पेटी मी कुठंच पुरती उघडली न्हाई. मला माझी चूल पायजे. लय दूर असंना का. आन तुझं म्हणशील तर राग आला की हातातलं टाकायचं, एवढंच येतंय तुला. कॉलेज टाकलंस. मला कुठं टाकशील?" आणि मग आपणच डोळे पुसून म्हणाली, "बस साहेब होऊन. शिकिव."

तर मी शिकवलं. पहिल्यांदा तिनं ते नाव भिंतीकडं तोंड करून घेतलं, पुटपुटल्यासारखं. मग चुलीकडं बघत. मी म्हणत राहिलो, अजून मोठ्यानं. साहेब परका पुरुष असणार, त्याच्याकडं बघून सांगावं लागणार, माझ्याकडं बघ. तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत बघून तिनं त्याचं नाव घेतलं. "पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा घेतलं. रोज संध्याकाळी, भाकरी होईपर्यंत. चौथ्या-पाचव्या दिवशी लाजणं गेलं, आणि त्याच्या पुढच्या दिवशी मला दिसलं, की नाव घेताना तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा वर जातोय. ते मी नव्हतं शिकवलं.

परभणीपर्यंत मोटार, तिथून गाडी, हैदराबाद. काकांनी दशम्या बांधून घेतलेल्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत. कचेरीत साहेब गोरा, वयस्क, त्याच्या बाजूला दुभाषी. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं, ती एकटी आत. दाराला बांबूच्या चिकाचा पडदा, आवाज येत होता, माणसं दिसत नव्हती. कागद उलटल्याचा आवाज. मग दुभाष्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? आत शांत झालं. थोडा वेळच असेल. मग तिचा आवाज आला, स्वच्छ, एका दमात, जसा मी घटवून घेतला होता तसा. नुसतं नाव. साहेब काहीतरी बोलला, दुभाषी हसला, आणि शिक्का पडला. बाकी सगळं पाठ केलेलं, घराचं दार, माणसं, त्यातलं काहीच विचारलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचा पदर डोक्यावरून घसरलेला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. काका रडायला लागले. ती माझ्यापाशी आली, पाढे न चुकता म्हणून दाखवलेल्या पोरीसारखी, आणि म्हणाली, "म्हटलं बरं का. अडले न्हाई." मी म्हटलं, शाबास. माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. तिनं बघितला असेल तर तेही माहीत नाही. पुढच्या महिन्यात मुंबईहून बोट होती. मी मुंबईला गेलो नाही, दुकानात जिऱ्याची पोती आली होती.

आता चैत्र चाललाय. हे तुला वाचता आलं नसतं, आणि वाचून दाखवायला मी कुणाकडं दिलं नसतं. उद्या सकाळी याच कागदाच्या पुड्या बांधीन, कुणाच्या तरी घरी हळद जाईल, कुणाच्या घरी ओवा. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं. पडद्याआड ती गप्प झाली होती ना, तेव्हा मी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत घट्ट धरून मनात म्हणत होतो, महादेवा, आज तिची जीभ अडू दे, आज तिला ते नाव येऊ देऊ नकोस. काकांनी माझी मूठ बघितली. त्यांना वाटलं मी त्यांच्या लेकीसाठीच मागतोय. त्यांनी आपला हात माझ्या मुठीवर ठेवला, आणि मी तो तसाच राहू दिला.