तक्त्यावरची पट्टी

सोमवार, संध्याकाळ

बाबांच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदा शाळेत गेले. नांदगावच्या बसमध्ये खिडकी मिळाली. बाकी प्रवास आठवत नाही.

आठवीला इंग्रजीची सकर्मक-अकर्मक क्रियापदं घेतली, नेहमीसारखीच. मी म्हणते ‘ईट’, पोरं ओरडतात ‘काय?’, कुणीतरी म्हणतं ‘भाकर!’ कर्म सापडलं, म्हणजे सकर्मक. ‘स्लीप’ म्हटलं की ‘काय?’ला उत्तरच नसतं. ते अकर्मक. तोंड आपोआप शिकवत होतं.

मग भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. अकर्मकच्या रांगेत ‘गो’, ‘स्लीप’ आणि त्याखाली ‘डाय’ असतं. आज ‘डाय’वर कागदाची पांढरी पट्टी. तिच्यावर पेनाने वाकडंतिकडं ‘लाफ’.

“हे कुणी केलं?”

वैष्णवी उठली. “आमी सगळ्यायनं, मॅडम. आत्ताच चिकटवलं. तुमाले वाईट वाटन म्हणून.”

“बरोबर आहे. लाफ अकर्मकच.” असं म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार होते?

तो तक्ता बाबांनी रंगवून दिलेला, हे पोरांना कुठे माहीत! जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. घरात मात्र त्यांच्या हातची एक ओळ नाही.

तेरवीला रडू आलं नाही. आताही येत नाही. फक्त ती पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही. डिंक ओला होता, नखाने अलगद निघाली असती. पण वैष्णवी बघत होती.

एव्हाना डिंक वाळला असेल. आता पट्टी ओढली तर खालचं बाबांचं अक्षरही निघून येईल.