आडवा दिसलेला मुलगा

घाटकोपर (पूर्व),
संकष्टीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप नीलावन्सं,

मालनचा नमस्कार. गुडघा वाकत नाही म्हणून तो खुर्चीतूनच करते आहे, पण तुमच्या पायांपर्यंत पोचला असं धरून चाला. तिकडे कणकवलीला भावोजींचा खोकला कसा आहे? ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकत जा. औषधाच्या बाटल्यांनी नुसतं कपाट भरतं. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहोत. तुमच्या बंधूंची साखर काबूत आहे, कारण साखरेचा डबा कुठे ठेवते ते मी त्यांना सांगत नाही. आमच्या श्रुतिकाची लॅबमधली नोकरी चालू आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच की हल्ली तुम्ही माझा फोन उचलत नाही. रेंज नसेल असं मी धरलं आहे. (तुमच्या बंधूंचा फोन परवा पहिल्याच घंटेला उचललात, म्हणजे तिकडची रेंज माणूस बघून येत असावी.)

तर तुम्ही श्रुतिकासाठी सुचवलेल्या स्थळाबद्दल, म्हणजे सुयोगबद्दल, मी जे बोलले, की मुलगा चांगला असेल पण आमच्या दारातून त्याला आडवं वळून यावं लागेल, ते मी मागे घेते. त्यावर तुम्ही "गे मालन, तो माझ्या जावेचो भाचो आसा, तुका कळता मां?" म्हणून फोन ठेवलात, तेही योग्यच केलंत. यात दोष माझ्या तोंडाचा थोडा आणि आमच्या कॉम्प्युटरचा बराच आहे. तो कसा, हे मुळापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही.

तुमचे बंधू निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातले जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते, त्यातला एक त्यांनी घरी आणला. त्यात विंडोज घालायचं तर पैसे पडतात आणि लिनक्स नावाचं दुसरं फुकट मिळतं, असं दुकानदार म्हणाला. फुकट म्हणजे पुढे कधी मागणार का, असं मी त्याला खोदून विचारलं. तर जगभरची माणसं मिळून ते लिहितात आणि वाटून टाकतात म्हणे. म्हणजे महाप्रसादच की! मी लगेच हो म्हटलं. (महाप्रसादात एक अडचण असते. मीठ कमी पडलं तर आचारी कोण ते कुणालाच ठाऊक नसतं.) पुढे जुना चौकोनी पडदा गेला, आणि खालच्या मजल्यावरचे लोक बदलापूरला राहायला जाताना आपला रुंद पडदा आम्हाला देऊन गेले. तो जोडला त्या दिवसापासून सगळी चित्रं आडवी ताणली जात होती. अक्षरंसुद्धा. पण मला ती चष्म्याशिवाय वाचता येऊ लागली, घरखर्चाचा हिशोब लिहायला सोपा झाला, मग तक्रार कशाला करू? मला वाटलं, पडदा मोठा म्हणजे दिसणारही मोठंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं ताणलेलं घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वन्सं, त्याला कारण देव. मी पडद्यावर वाराप्रमाणे देव लावते आणि सकाळी दिव्याबरोबर तिथेही उदबत्ती ओवाळते. मंगळवारी गणपती, तो मुळात ऐसपैस. गुरुवारी दत्त, त्यांना तीन शिरं, रुंदी लागणारच. शनिवारी मारुती, तो रुंद दिसला तर उलट बरंच वाटतं. एकादशीला विठोबा, त्याचे हात कमरेवर, कोपरं बाहेर. एकाही देवाने मला सावध केलं नाही. अशात तुमच्या नातीने सुयोगचा फोटो पाठवला. माझ्या फोनची काच तडकलेली (चालतोय तोवर बदलायची कशाला), म्हणून मी तो कॉम्प्युटरवर उघडला. काय सांगू, पडदाभर मुलगा! शेजारी त्याची आई उभी होती, तीही मला आपल्यातली वाटली, भरलेली. श्रुतिकाने आपल्या फोनवर बघून "आई, जाडा कुठे आहे गं?" असं विचारलं होतं. मला वाटलं, हिला आवडलाय म्हणून हिला दिसत नाही. आणि मी तुम्हाला तो फोन केला.

मग आली संकष्टी. आभाळ इतकं भरलेलं की चंद्र दिसायचं नाव नाही, आणि तुमचे बंधू पानापाशी बसून मोदकांकडे बघत होते. मी म्हटलं, पंचांगातली चंद्रोदयाची वेळ झाली आहे, कॉम्प्युटरवर चंद्राचं चित्र उघडू, अर्घ्य देऊ आणि उपास सोडू. उघडलं, आणि पाण्याची पळी हातातच राहिली. चंद्र अंड्यासारखा! उपासाच्या दिवशी आणि समोर अंडं. तुमचे बंधू म्हणाले, चतुर्थीचा चंद्र जरा चेपलेलाच असतो, तू पाणी सोड. अहो पण चित्र पौर्णिमेचं होतं! मी हातातली बांगडी काढून पडद्यावर धरली. वरून-खालून चंद्र बरोबर बांगडीत बसला आणि दोन्ही अंगांनी बाहेर लोंबला. चंद्राचं मला एवढं वाटलं नाही, वन्सं, त्याचं काही लग्न ठरवायचं नाहीये. मला सुयोग आठवला.

दुसऱ्या दिवशी तुमच्या बंधूंनी दुरुस्ती हाती घेतली. पडद्याला चित्र पुरवणारं एक ग्राफिक्स कार्ड आत असतं, ते त्यांनी उपटून काढलं, श्रुतिकाच्या खोडरबराने त्याचे सोनेरी दात घासले आणि परत बसवलं. त्यानंतर पडद्यावर अंधार. मी कॉम्प्युटरच्या डब्याला अंगारा लावला. (तो पंख्याने आत ओढला, हे तुमच्या बंधूंना कळवू नका.) शेवटी श्रुतिका तिच्या ओळखीच्या एका गृहस्थांना फोन लावून स्पीकर चालू करून बसली. आवाज फार अदबीचा. त्यांनी आधी कार्ड नीट दाबून बसवायला लावलं, ते अर्धवटच बसलं होतं. मग कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत मला एकेक ओळ टाइप करायला सांगितली, आणि मी घाई न करता, एकेक अक्षर वाचून दाखवत केली. तेव्हा मूळ दुखणं सापडलं. दुकानदाराने लिनक्स घालताना पडदा काळा पडत होता, म्हणून त्याने तात्पुरती एक ओळ लिहून ठेवली होती की कार्डाला काही विचारायचं नाही, साध्या मापाचं चित्र दाखवायचं. ती काढायची राहिली. म्हणजे सुतकात पूजा बंद ठेवावी आणि सुतक फिटलं तरी कुणी देवघर उघडूच नये, तसं. ती ओळ आम्ही पुसली, कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, घातला (तोही फुकट), आणि मशीन पुन्हा चालू केल्यावर सगळं आपल्या मापात येऊन बसलं. चंद्र बांगडीत बसला. मग मी सुयोगचा फोटो उघडला. वन्सं, मुलगा शेवग्याच्या शेंगेसारखा सरळ आहे.

भावोजींना नमस्कार, नातीला आशीर्वाद. ओवा विसरू नका.

तुमची,
मालन

ता. क. सुयोगच्या घरचे, पवईचे ते लोक, अजून दुसरीकडे मुली बघत नसतील, तर तुम्ही जावेकडे सहज विषय काढाल का? मी नाही म्हटलं होतं असं सांगू नका. मालन संकष्टी होईपर्यंत कुठलाही निर्णय घेत नाही, असं सांगा. हे खोटं नाही, यापुढे तसंच करणार आहे.

दुसरा ता. क. वर लिहून झाल्यावर श्रुतिकाने सांगितलं म्हणून कळवते. फोनवरचे ते अदबीचे गृहस्थ म्हणजे सुयोगच. हिने बायोडेटावरून नंबर घेतला आणि मला पत्ता लागू दिला नाही. आणि मी त्या फोनवर, ओळी टाइप करता करता, त्यांना सगळं सांगितलं होतं. चंद्राचं, बांगडीचं, आणि याच पडद्यापायी एका मुलाला आम्ही दारात मावणार नाही म्हणून नाकारल्याचंही. त्यांनी शेवटची ओळ सांगितली. मग म्हणाले, "काकू, आता एंटर दाबा आणि त्याला परत बघा." तेव्हा तुमच्या जावेला काही कळू नये म्हणून जे वर लिहिलं, त्याचा फारसा उपयोग नाही. तरी विषय तुम्हीच काढा. तुम्ही मोठ्या आहात, स्थळ तुमचंच आहे, आणि आता फोन उचला.

तिसरा ता. क. मंगळवारी गणपती लावला. इतका हडकलेला दिसला की ओवाळताना माझे डोळे भरून आले. अक्षरंही परत मुंगीएवढी झाली. सुयोगरावांना फोन करून मी ती जुनी ओळ पुन्हा घालून घेतली. "चालेल, काकू" एवढंच म्हणाले. माणूस चांगला आहे. फक्त त्याच्या आईचा नवीन फोटो पाठवायचा झाला तर कागदावर पाठवा.