तुमच्या वहीत डॉलर नव्हते

सर, तुमच्या चार वह्या इंटरनेटवर चढवल्या त्याला चार वर्षं होऊन गेली. तुम्हाला जाऊन सहा. तुम्ही असता तर कुठल्या वेबसाइटवर, कशा, कोणत्या अक्षरात असलं काही विचारलं नसतं. सरळ विचारलं असतं, कोणी वाचल्या का गं? तेच सांगायला बसलेय आणि तेच सांगवत नाहीये, म्हणून आधी बाकीचं सांगते. ही माझी जुनी खोड तुम्हाला ठाऊक आहे.

नववीची सहामाही आठवते तुम्हाला? आपल्या शाळेत गणिताचा पेपर दोघांच्या हातून निघायचा. ऑफिसातले भाऊसाहेब मराठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायचे, पण त्यांच्या यंत्रावर वर्गमूळ नव्हतं, अपूर्णांकाची रेघ नव्हती, अक्षराच्या पायाशी बसणारा बारीक आकडा तर नव्हताच. म्हणून ते शब्द टाइप करायचे, गणिताच्या ठिकाणी बोटभर जागा सोडायचे, आणि ती जागा तुम्ही लोखंडी टोकाच्या लेखणीने भरायचात. त्यांनी तुमच्या गणिताला हात लावायचा नाही, तुम्ही त्यांच्या शब्दांना नाही, असं ठरलेलं होतं. त्या सहामाहीला एक जागा भरायची राहून गेली. प्रश्न चौथा, 'पुढील समीकरण सोडवा', आणि पुढे कोरं. सगळा वर्ग एकमेकांकडे बघतोय, तुम्ही खिडकीशी उभे आहात, आणि मी खाली मान घालून माझ्या मनाचं एक समीकरण तिथे लिहिते आणि सोडवूनही टाकते. उत्तर सुरेख पूर्णांकात येतं. केवढी खूश झाले होते मी स्वतःवर!

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीबाहेर उभं केलंत आणि विचारलंत, हे समीकरण कुठून आणलंस. मनाचं घातलं, सर, असं मी म्हटलं, जरा शाबासकीची वाट बघतच. तुम्ही ओरडला नाहीत, हेच वाईट. म्हणालात, "मी दहा पावलांवर उभा होतो. तुला विचारायची लाज वाटली, म्हणून तू काहीतरी भरलंस." मग वर्गात येऊन सांगितलंत की जागा माझ्याकडून राहिली, चूक माझी, सगळ्यांना पाच-पाच गुण. मला सोडून सगळ्यांना. मी तीन दिवस तुमच्याकडे बघितलं नाही. इतक्या मुलांमध्ये तुम्हाला ते कळलंही नसेल.

वह्या तुम्ही निवृत्तीनंतर लिहिल्यात, कडावच्या घरी, ओटीवर बसून. गणितात नापास झालेल्यांसाठी. जे शाळा सोडून कामाला लागले आणि आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात, त्यांच्यासाठी. म्हणून त्यात 'सहज लक्षात येते की' हे वाक्य कुठेही नाही. श्रेढी शिकवताना भाताचे भारे रचलेत, खालच्या थरात वीस, वर एकोणीस. चढ शिकवताना कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं का लावतात ते विचारलंत. एकेक पायरी वेगळ्या ओळीवर, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. आणि पहिल्याच पानावर लिहिलंत, 'हे वाचून कळले नाही तर चूक लिहिणाऱ्याची समजावी व घरी येऊन विचारावे.' शेवटचे भेटलो तेव्हा वह्या माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "घरी विचारायला येतील तेव्हा मी नसेन. तू बघ काय ते." मी हो म्हटलं. त्या वेळी कोणीही हो म्हटलं असतं.

मी कंपनीत हेच काम करते, सर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते समजावणारी पानं लिहिते, तीही बहुतेक गणितवाली. पानं साध्या मजकुरात लिहायची आणि मजकुरातच खुणा पेरायच्या. दोन अंडरस्कोरच्या मध्ये शब्द ठेवला की पानावर तो तिरका उमटतो आणि खुणा गळून जातात. ह्याला मार्कडाउन म्हणतात. गणिताची लिपी वेगळी. दोन डॉलरच्या चिन्हांमध्ये जे लिहाल ते गणित, आणि टीच्या पायाशी बारीक एक हवा असेल तर टी, अंडरस्कोर, एक. झाली ना पंचाईत? एकच खूण दोघांना हवी. टी एक अधिक टी दोन लिहिलं की मार्कडाउनला वाटतं मधलं सगळं तिरकं करायचंय, ते दोन्ही खुणा गिळतं, आणि मग गणितवाल्याला समोरचं गणित म्हणून ओळखूच येत नाही. मी काय केलं असेल सांगा. भाऊसाहेबांचीच पद्धत. आधी सगळं गणित उचलून बाजूला ठेवायचं, त्याच्या जागी नुसती एक खूण सोडायची, मजकुराचं काम उरकलं की ज्याचं गणित त्याच्या जागेत परत बसवायचं. पानं अशी देखणी उमटली की मी एकटीच बसून रडले.

पुढे दोन वर्षांनी मी ते मार्कडाउनचं यंत्र, म्हणजे खुणा वाचून पान उमटवणारा प्रोग्रॅम, बदललं. नवीन आलं होतं, भरभर चालायचं. त्यात गणित बाजूला ठेवायचं असेल तर तसं एका ओळीत सांगावं लागतं, आणि ती ओळ मी घातली नाही. बदलल्यावर पहिलं पान उघडून पाहिलं. त्यावर तुमचं मनोगत, गणित एकही नाही. छान दिसत होतं, बंद केलं.

'घरी येऊन विचारावे' च्या खाली मी माझा ईमेल दिला होता. चार वर्षांत एकही प्रश्न आला नाही. पहिल्या वर्षी रोज बघायचे, मग आठवड्याने, मग सोडून दिलं. म्हटलं, कोण वाचणार? आपल्या शाळेतली मराठीची तुकडी आता बाकांपेक्षा लहान झालीय, आणि नापास झालेली पोरं रिसॉर्ट नाहीतर खोपोलीच्या कंपन्यांत ठेकेदाराकडे लागतात. माझं दुःख एवढंच होतं, की कोणी वाचत नाही. ते दुःख बरं होतं, सर, हे आता कळतंय.

गेल्या महिन्यात कडावला काकूंना भेटायला गेले. मुलाने त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल दिलाय. एका मांडीवर तुमची दुसरी वही, दुसऱ्या मांडीवर मोबाइल, आणि बोट ओळीवर, अशा बसल्या होत्या. चौथी शिकलेली बाई. म्हणाल्या, "मला गणितातलं काय कळत नाय गं, मी आपली ह्यांचं अक्षर बघते. पण ह्यांनी वहीत डॉलर कवा घातले?" मी मोबाइल हातात घेतला. पानभर डॉलरची चिन्हं. अक्षरं तिरकी, बारीक आकडे वर येऊन मोठे होऊन बसलेले, तुमच्या पायऱ्या एकाच ओळीत कोंबलेल्या, कुठे संपते कुठे सुरू होते पत्ता नाही. पुढची पानं तशीच. चारही वह्या तशाच. काकू म्हणाल्या की दिवाळीपासून बघतायत, पण मीच तसं केलं असेल, आम्हा कॉम्प्युटरवाल्यांत आता तसंच लिहीत असतील, म्हणून विचारलं नव्हतं. दोन वर्षं, सर! तिथेच ओटीवर लॅपटॉप उघडून ती एक ओळ घातली. पंधरा मिनिटं लागली नाहीत. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात दूध घालायला शेजारची सून आली. तुमच्या शेवटच्या तुकडीतली, खिडकीच्या बाकावर बसायची ती. तुम्ही तिला हुशार म्हणायचात आणि तरी तिचं गणित राहिलं. रिसॉर्टवर चादरी बदलायच्या कामाला आहे. दहावी पास असती तर बायकांवर सुपरवायझर करणार होते, म्हणून तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि गेल्या मार्चला परीक्षा दिली. अभ्यास कशावर केला? तुमच्या वह्यांवर. काकूंनीच तिला पत्ता दिला होता. चार महिने, कामावरून आल्यावर, मोबाइलवर. गणित परत राहिलं. मी विचारलं, ईमेल दिला होता ना खाली, विचारलं का नाहीस? ती दुधाचं भांडं पुसत म्हणाली, "काय विचारायचं, ताई? सरांचं चुकीचं कसं असेल? मला वाटलं गणित असंच असतं, माज्याच डोक्यात शिरत नाय." रडून नव्हे, साधं सांगितलं, दूध आज पातळ हाय म्हणावं तसं.

सर, ह्यानंतर मला एकच वाक्य बोलायचं होतं. लॅपटॉप उघडा होता, दुरुस्ती नुकतीच केलेली होती, ती समोर उभी होती. मी म्हणाले, "तुझा मोबाइल जुना असेल गं, जुन्यावर कधीकधी नीट उमटत नाही." ती हां म्हणाली आणि रिकामी किटली घेऊन गेली. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून आत चहा टाकायला गेल्या.

काल त्यांचा फोन आला. तिने नवीन मोबाइल घेतलाय. त्यावर सगळं स्वच्छ दिसतं, ताई बोलल्या तेच खरं, असं ती घरोघरी सांगतेय. तुमचं पान तिनं काकूंनाही दाखवलं, बारीक आकडे जिथल्या तिथे. मी घाईने विचारलं, मग यंदा फॉर्म भरतेय ना? नाही म्हणे. "मोबाइल नवा घेतला, डोकं कुठून नवं आणू?" असं म्हणून हसली, आणि आता परत परीक्षेचं नाव काढू नका म्हणाली. रिसॉर्टवर तिच्यानंतर आलेली एक मुलगी सुपरवायझर झालीय.

हे लिहून कुठे टाकणार? तुमचा पत्ता मला एकच ठाऊक आहे, तो कडावचा, आणि तिथे आलेलं पत्र काकू ओळीवर बोट ठेवून वाचतील. त्यांना कळायचं ते कळलेलंच आहे म्हणा. फोन ठेवायच्या आधी त्यांनी हळूच विचारलं, "मोबाइलचं काय नव्हतं, असं मी सांगू का तिला?"

मी नको म्हणाले.