बिनखिळ्यांची चाकं

२ सप्टेंबर, मंगळवार

ठरलं. यंदा हिवाळ्याची चाकं आणि टायर मी स्वतः निवडणार. गाडीच्या कंपनीने सुचवलेले नाहीत, दुकानदाराने गळ्यात मारलेले नाहीत आणि तोर्मोदने सांगितलेले तर मुळीच नाहीत. तोर्मोद म्हणजे गुनवोरचा भाऊ. गुनवोर म्हणजे माझी बायको. (ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी आहे. पण पुढे चरित्र लिहिणाऱ्याची सोय बघायला हवी.)

गेल्या फेब्रुवारीत चर्चच्या चढावर आमची इलेक्ट्रिक गाडी निम्म्यातून उलटी घसरली आणि चढाच्या पायथ्याशी असलेल्या टपालपेट्यांच्या मांडवाला टेकली. सगळ्या खोऱ्याच्या पेट्या त्या एका मांडवात. टेकली म्हणजे फक्त टेकली. पेट्या आडव्या झाल्या त्या आपणहून. दोष टायरांचा, आणि मांडव तिथे बसवणाऱ्यांचा.

आज पाद्रीणबाई येऊन गेल्या. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चपुढच्या झाडाचे दिवे यंदा सासूबाईंनी लावावेत, अशी विनंती. सासूबाई, बोर्गहिल, एकोणनव्वद वर्षांच्या, खोऱ्यात सर्वांत वडील. विणकामातून मान वर न करता "बघू" म्हणाल्या. गुनवोरने मागाहून स्वयंपाकघरात सांगितलं, की ते झाड सासऱ्यांनी स्वतः लावलेलं. आईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, एवढं एक तिला हवं आहे. पुढच्या वर्षी ती असेल-नसेल. पाच वाजता ती वर पोचली पाहिजे, बस्स.

मी शब्द दिला. मीच नेणार. शिवाय दिवे लागण्याआधी मी दोन शब्द बोलणार. तोर्मोद म्हणाला, त्यापेक्षा मी माझ्या जुन्या डिझेल गाडीतून नेतो. खिळे मारलेल्या टायरांवरून! मी ठाम नकार दिला. तो गप्प बसला. आमच्या खोऱ्यात गप्प बसणं म्हणजे पटणं.

५ सप्टेंबर

नकार तत्त्वाचा आहे. मे महिन्यातल्या गावसभेत मी खिळेवाल्या टायरांविरुद्ध बोललो होतो. पोलादी खिळे बर्फात रुततात म्हणून सगळे खूश. पण तेच खिळे डांबर खरवडतात, धूळ उडते, ती पोरांच्या फुप्फुसांत जाते. "मित्रांनो, आपण रस्त्यावर चालत नाही, आपल्या नातवंडांच्या छातीवर चालतो!" लोकविद्यालयात पंचवीस वर्षं वक्तृत्व शिकवतोय, वाक्य कुठे तोडायचं ते कळतं. टाळ्या पडल्या. गुनवोर म्हणते एकच पडली आणि तो माणूस डास मारत होता.

तेव्हा टायर बिनखिळ्यांचे. यावर चर्चा नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

वाचन. विद्यालयाच्या ग्रंथालयातून जर्मन मासिकांचा गठ्ठा आणला, कोश आणला. टायरांच्या चाचण्या. इथले लोक टायर घेताना शेजाऱ्याला विचारतात. मी संशोधन करतो.

निष्कर्ष. इलेक्ट्रिक गाडीची रेंज थंडीत कमी होते. का? वारा चाकांत अडकतो. म्हणून चाकं सपाट तोंडाची, काळी, जवळजवळ बिनभोकांची. टायर असे की आवाज सगळ्यांत कमी आणि रेंज सगळ्यांत जास्त. सापडले. जर्मनीत पहिला नंबर. ज्यांनी छापखाना काढला त्यांना टायर कळणार नाहीत?

चाकांचं चित्र गुनवोरला दाखवलं. म्हणाली, लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजायच्या तव्यासारखी दिसतात. तिला सौंदर्यदृष्टी नाही. ती माझ्याबरोबर एकतीस वर्षं राहिली आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

तोर्मोद जेवायला. कोबी-मटणाचं पातेलं. त्याने विचारलं, हे टायर आपल्याकडचे मऊ रबराचे, बर्फासाठीचे, की तिकडच्या पावसाळी हायवेचे? मी सांगितलं, दोन्ही हिवाळीच. टायरवर डोंगर आणि हिमकणाची अधिकृत खूण आहे. तो म्हणाला, गोठवलेल्या वाटाण्यांच्या पिशवीवरही हिमकण असतो.

यावर मी ज्ञानाची परंपरा आणि अनुभवाचा अहंकार या विषयावर सविस्तर बोललो. संपलं तेव्हा पातेलंही संपलं होतं. सगळे गप्प. पटलं.

४ ऑक्टोबर

ऑर्डर दिली. परदेशातून, इंटरनेटवर. शेवटी दुकान विचारत होतं, नवीन नट हवेत का? हवेचा दाब सांगणारे सेन्सर हवेत का? दोन्हीला नाही. घरात नट असताना आणखी नट घ्यायचे, यालाच मी चंगळवाद म्हणतो. दाब मला पायाने लाथ मारून कळतो.

१३ ऑक्टोबर

गुनवोर म्हणाली, टायरवाल्या रूआरकडे आत्ताच नंबर लाव. दरवर्षी पहिला बर्फ पडला की सगळं खोरं त्याच्या दारात मेंढरांसारखं उभं राहतं. मी म्हटलं, मेंढरांनी राहावं. मी चाकं घरी बदलणार. स्वावलंबन! आपण मदत मागत नाही म्हणून तर या थंडीत टिकलो.

ती म्हणाली, आपण टिकलो कारण आई न मागता डबा घेऊन यायची. विषयांतर.

२१ ऑक्टोबर

चाकं आली. देखणी. बैठकीत पियानोला टेकवून मांडली. सहकारी बघून गेले. कुणी काही बोललं नाही, भारावले होते. सासूबाई त्यांच्या स्पार्कवरून आल्या. स्पार्क म्हणजे बर्फावरची घसरखुर्ची: पुढे लाकडी खुर्ची, खाली दोन लांब पोलादी पट्ट्या, मागे उभं राहून पायाने रेटायची. बर्फ अजून कुठे, नुसतं पहाटेचं दव गोठलेलं, तरी बाई स्पार्कवर. मी सुचवलं की ती संग्रहालयाला द्यावी. त्या चाकांकडे बघत म्हणाल्या, तिथे यांना सोबत मिळेल.

२९ ऑक्टोबर

जॅक लावला. जुनं चाक काढलं. नवं चढवलं. नट बसेनात. चाकाच्या भोकाची बैठक निमुळती, आमच्या नटांचं तोंड गोल. दुकानाला कळवलं. उलट उत्तर, "आपण नट नको म्हणाला होता." उद्धटपणा.

नट मागवले. जुनं चाक परत चढवलं. स्वावलंबन पूर्ण.

५ नोव्हेंबर

पहिला बर्फ. सुंदर. रूआरच्या दारात मेंढरांची रांग. नट सीमेवर अडकलेत. गाडी उन्हाळी टायरांवर दारात उभी, म्हणून विद्यालयात चालत गेलो. प्रकृतीला उत्तम. वाटेत दोनदा बसलो. पडलो नाही, बसलो.

पायी चालण्यावर भाषणाचे मुद्दे काढले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नट आले. पाठीत उसण भरली. त्यामुळे तत्त्व न सोडता रूआरकडे गेलो. रांगेत तोर्मोदचे दोन मेंढपाळ मित्र होते. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं आणि मागे काहीतरी हसले. आदर असा व्यक्त होतो आमच्याकडे.

रूआरने नवे टायर बोटाने दाबून बघितले. विचारलं, गाडी जाणार कुठे? मी सासूबाई, झाड, पाच वाजता, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चर्चचा चढ?" मी म्हटलं हो. मग तो काहीच बोलला नाही. शब्द न वापरता इतकी ठाम संमती मी क्वचित पाहिली आहे. निघताना त्याने वाळूचं एक पोतं डिकीत टाकलं. भेट असावी.

सेन्सर नसल्यामुळे पडद्यावर पिवळा दिवा सतत लुकलुकतो. त्यावर चिकटपट्टी लावली. प्रश्न सुटला.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओल्या रस्त्यावर गाडी चालवून बघितली. शांतता! स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. अख्खं भाषण मोठ्याने म्हटलं. गुनवोर मागच्या वळणावर उतरली आणि म्हणाली, चालायला बरं वाटतं. बघा, पायी चालण्याचा मुद्दा तिलाही पटला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मोठा विजय. गावाचं श्रमदान होतं. टपालपेट्यांचा मांडव चढाच्या पायथ्यावरून उचलून पार पलीकडे, कुंपणाच्या आत नेला! मी फेब्रुवारीपासून सांगत होतो की जागा चुकली आहे. शेवटी ऐकलं. मी चार शब्द बोललो. लोक काम करत राहिले.

मोकळ्या जागेत तोर्मोदने गवताच्या तीन मोठ्या गाठी आणून ठेवल्या, पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या. एकीला लागून एक, भिंतीसारख्या. म्हटलं, कशाला? म्हणाला, मेंढ्यांना लागतील. मेंढ्या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. तोर्मोदला नियोजन कधीच जमलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. थेट बर्फावर. संध्याकाळी आकाश निवळलं आणि कडक गारठा. सगळं काचेसारखं चमकतंय. गुनवोर गायकवृंदाच्या तालमीहून तोर्मोदच्या गाडीतून आली. म्हणाली, "सीवर्त, आईला उद्या तोर्मोदला आणू दे. कुणी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, कुणी काही म्हणणार नाही हेच तर मला सहन होणार नाही.

(चांगलं वाक्य. भाषणात घ्यावं.)

३० नोव्हेंबर, रविवार

सविस्तर लिहितो, कारण उद्या अफवा पसरतील.

सासूबाईंना साडेचारला घेतलं. ठेवणीतला कोट, चांदीची पिन, मांडीवर पिशवी. गुनवोर गाण्यासाठी आधीच वर गेली होती. चढ वेगाने सुरू केला. मासिकात तसंच लिहिलं आहे. निम्म्यापर्यंत अप्रतिम. मग गाडी थांबली. मी थांबवली नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "सीवर्त, आता आपण खाली चाललोय."

मी म्हटलं, तात्पुरतं.

गाडी उलटी, शांतपणे (आवाजाबाबत मासिक खरं होतं) खाली गेली आणि तोर्मोदच्या गाठींत जाऊन रुतली. अगदी मऊ. सासूबाईंचा टाकासुद्धा चुकला नाही. त्या विणतच होत्या. गाडी थांबली ती जिथे पेट्या होत्या, बरोबर तिथे.

गाठींच्या मागून तोर्मोद आला. हातात स्पार्क. खुर्चीवर मेंढीचं कातडं अंथरलेलं, दांड्याला थर्मास बांधलेला. जणू तो योगायोगाने स्पार्क घेऊन गाठींमागे उभा होता. सासूबाई दार उघडून उतरल्या. त्यांच्या बुटांना बर्फात रुतणारे खिळे आधीच अडकवलेले होते. घरातूनच. तोर्मोदच्याही.

पिशवीतून त्यांनी आणखी एक जोड काढला. माझ्या मापाचा.

"घाल," त्या म्हणाल्या. "तुझ्या फुप्फुसांना काही होणार नाही."

घातला. परिस्थिती बघून. तत्त्व टायरांबाबत आहे, बुटांबाबत मी सभेत काही बोललेलो नाही.

तोर्मोदने स्पार्क रेटायला सुरुवात केली. खर्र खर्र करत चढ चढले. मी मागोमाग निघालो, वळणाशी आलो आणि आठवलं: भाषण गाडीत राहिलं. भाषण राहून कसं चालेल? परत खाली गेलो. कागद सीटखाली घसरले होते, गोळा केले, क्रम लावला. पुन्हा वळणाशी पोचलो, तोच वर झाडावरचे दिवे लागले. सगळे एकदम. आणि मग वरून गाणं ऐकू आलं. मी काळोखात कागद धरून उभा होतो.

वर गेलो तेव्हा लोक गरम सरबत पीत होते. सासूबाई झाडाखाली स्पार्कवर बसलेल्या, हात बुंध्यावर ठेवलेला. शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. डोळे पुसत नव्हत्या, पण विणतही नव्हत्या. मी कागद खिशात घातले.

सगळ्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. कुणी काही म्हणालं नाही. ही संमती नसावी.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी गुनवोरला विचारलं, गाठी, स्पार्क, खिळे, पेट्या, हे सगळं कधी ठरलं? म्हणाली, सप्टेंबरात. मग मला कुणी सांगितलं का नाही?

"सांगितलं," ती म्हणाली. "तू बोलत होतास."

दुपारी तोर्मोदने ट्रॅक्टरने गाडी ओढून रूआरकडे नेली. रूआरने न विचारता आतून चार टायर घरंगळत आणले. खिळेवाले. माझ्याच गाडीच्या मापाचे. गुनवोरने बाजूला ठेवायला सांगितले होते म्हणे. कधी, ते मी विचारलं नाही.

काळी चाकं ठेवली. त्यांच्यावरच हे टायर चढवले. तेवढा आग्रह मी धरला. सासूबाई म्हणतात, तवे चांगले आहेत, लेफ्से मात्र बदलले.

येताना चढ चढून बघितला. गाडी वर गेली. आवाज फार येतो. भाषण म्हणता येत नाही.

मे महिन्याच्या सभेसाठी विषय सापडला आहे: आपल्या खोऱ्यातलं डांबर फार कच्चं आहे.