सुमीला मागून आणलं

भरवेली, रविवार, जानेवारी १९६८

आज सुमीला सोबत घेऊन वारासिवनीला गेलो आणि दाजींकडे तिला दत्तक मागितलं. ताई वारल्यापासून तिची ही पोर माझ्याजवळच आहे. पोलिओनं तिचा पाय लुळा पडलाय. डॉक्टर म्हणतात, रोज खाणीच्या दवाखान्यात आणून व्यायाम करून घ्या. पण मी कामाला आहे त्या खाणीच्या नियमात हा उपचार फक्त कामगाराच्या स्वतःच्या लेकरांना मिळतो, भाचीला नाही.

वाटलं होतं, दाजी भांडतील. ते लगेच म्हणाले, "हौ, घेऊन टाक. मी काहून अडवू?" तिच्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही. आत नवी बायको चहा करत होती. मला आनंद व्हायला हवा होता ना? मग त्यांचं ते न पाहणं एवढं का खुपतंय?

बसनं खोलीवर परत आल्यावर सुमी म्हणाली, "मामा, पाय बरा झाला की मले बाबाले वापस देशीन ना?"

"नाही बेटा, आता तू माहीच," मी म्हणालो. वाटलं, बिलगेल.

ती भिंतीकडे तोंड करून निजली. तिला बापाकडेच जायचं होतं. आणि तिनं अशी पाठ फिरवल्यावर या खोलीत आता मी कोणाशी बोलावं, ते कळत नाही.