गॉर्डनने खोडलेली नावं

गुरुवार, १६ नोव्हेंबर २००६, रीडिंग

उद्या क्लबात गॉर्डनवर मी बोलायचंय. तीस वर्षं आमच्या हॉकी टीमचा मॅनेजर होता, झोपेतच गेला त्याला पंधरवडा झाला. माझ्या मनात मात्र अढी. माझ्या मुलाला, नंदूला, त्याने ऐन फायनलमधून काढलं होतं.

आज त्याच्या बायकोने, मार्गारेटने, टीमची वही दिली. तो महिनाभर आधीच टीम लिहून ठेवायचा. येत्या शनिवारच्या पानावर गोलकीपरचं नाव खोडलेलं! त्याचा पाय तर परवा मुरगळला. गॉर्डन तर त्याआधीच गेलेला. मग नंदूच्या त्या फायनलचं पान शोधलं. नाव खोडून शेजारी ‘गुडघा’. आणि नंदूचा गुडघा गेला तो फायनलनंतर! तेव्हा मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, काय काय बोललो गॉर्डनला.

मार्गारेट म्हणाली, "वसंत, तो पोरांची चाल बघायचा रे. कार पार्कपासून दारापर्यंत."

असेल. कप दोनच मिळाले, पण बहुतेक पोरं धडधाकट राहिली. उद्या हेच सांगीन, माझी चूकही सांगीन.

पण प्रत्येक पानाखाली मॅनेजर म्हणून त्याचं स्वतःचं नाव असतं. तो गेला त्या आठवड्यापासून पुढे प्रत्येक पानावर तेही खोडलंय, त्याच्याच पेन्सिलीने. स्वतःची चाल त्याने कुठे पाहिली असेल?